सांध्याचं दुसरं टोक

१

खोटं गवत अंथरणं हा माझा धंदा. लोक टर्फ म्हणतात, कागदावर कृत्रिम हिरवळ लिहितात. आम्ही दोघं भाऊ सरळ गवत म्हणायचो. धाकटा तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, "देवाला गवत उगवायला महिना लागतो, आम्हाला तीन दिवस. आणि आमच्याला पाणीही घालायला नको." गिऱ्हाईक हसायचं, मी डोळे वटारायचो. बावीस वर्षं हे असंच चाललं.

आठ महिन्यांपूर्वी धाकटा गेला. कामावरच गेला, भर दुपारी, एका मैदानात. त्यानंतर मी फुटकळ कामं केली. कुठे उसवलेला कोपरा चिकटव, कुठे रेती भर. अख्खं अंगण अंगावर घेतलं ते हे पहिलंच.

घर दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. मागे अंगण, तीन बाजूंना पुरुषभर उंच भिंत, चौथ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार आणि खिडकी. बाईंच्या मुलीला टेनिसचं वेड. शनिवारपासून तिला सुट्टी, तोवर कोर्ट तयार हवं होतं. खडीचा थर घालून, दाबून, सपाट करून माणसं निघून गेली होती. आता चार रोल शेजारी शेजारी अंथरायचे आणि मधले तीन सांधे जोडायचे, एवढंच उरलं होतं.

सांधा म्हणजे सोपं प्रकरण आहे. दोन्ही रोलांच्या कडा मागे परतायच्या, खाली पट्टी टाकायची, पट्टीवर दातेरी थापीने गोंद ओढायचा, कडा पुन्हा जागेवर आणून बोटांनी बंद करत जायचं. फक्त हे काम दोघांचं. एकाने या टोकाने यायचं, दुसऱ्याने त्या टोकाने, आणि मध्ये भेटायचं. एकटा माणूस हे करू शकतो, नाही असं नाही. पण मग हातहातभर गोंद लावत सरकावं लागतं, आणि एका सांध्याला दिवस जातो. मी तीन सांध्यांना तीन दिवस धरले आणि बुधवारी सकाळी मागच्या भिंतीपाशी गुडघे टेकले.

२

दोन हात सांधा झाला आणि थापी सापडेना. इकडे बघ, तिकडे बघ, गाडीपर्यंत जाऊन आलो. थापी माझ्याच कमरेला खोचलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! आठ महिन्यांत माझं हे असंच झालं होतं. कुलूप लावलं की नाही ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत फिरायचो.

म्हणून परत आल्यावर जे दिसलं त्याचं मला फारसं नवल वाटलं नाही. स्वयंपाकघराच्या बाजूने, म्हणजे दुसऱ्या टोकाने, हातभर सांधा बंद झालेला होता. मी स्वतःशी म्हटलं, काल गोंद तपासायला मीच लावून गेलो असणार. विसरलो असेन.

मान खाली घालून मी काम करत राहिलो. ऊन चढत होतं. या गवताला ऊन लागलं की त्याचा एक वास येतो, तापलेल्या रबरासारखा, आणि खालून अंगाला वाफ लागते. पलीकडून थापीचा आवाज येत होता, खर्र, आणि थोड्या वेळाने पुन्हा खर्र. बावीस वर्षं तो आवाज समोरून येतच होता. कानाला तो नसण्याची सवय झाली नव्हती, त्यामुळे तो असण्याचंही काही वाटलं नाही.

मध्यावर पोचलो तेव्हा पुढे सांधा उरलाच नव्हता. दोन्हीकडून नीट येऊन मिळाला होता. घड्याळात अकरा वाजत होते. दिवसाचं काम मी दोन तासांत कसं संपवलं, याचा हिशेब काही लागेना. मी नळाखाली डोकं धरलं, डबा खाल्ला आणि भिंतीच्या सावलीत बसून राहिलो. दुसरा सांधा त्याच दिवशी घेता आला असता, पण घेतला नाही.

३

माझं घर आणि धाकट्याचं घर भिंतीला भिंत लागून. संध्याकाळी धाकटी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. धाकटी म्हणजे त्याची बायको. आमच्याकडे तो धाकटा म्हणून ती धाकटी, तिला दुसऱ्या नावाने मी कधी हाक मारली नाही.

"दादा, जमलं का एकट्याला?" तिनं विचारलं.

"जमतंय."

"गुडघ्यांना जपा. दोघांचं काम एकट्यानं ओढू नका."

मी हो म्हटलं. ती घड्या घालत राहिली, मग नेहमीसारखी त्या दिवसावर आली. आठवड्यातून एकदा तरी ती यायचीच. "समोरच होतात ना तुम्ही? दुसऱ्या टोकाला?"

"समोरच होतो."

"आणि काही बोलला नाही तो."

"नाही गं. बसल्या जागी मान टाकली. मी धावलो, डोकं मांडीवर घेतलं. एवढंसंही काही कळलं नाही त्याला."

"तुम्ही होतात जवळ," ती म्हणाली, "म्हणून मला झोप तरी लागते."

एवढं बोलून तिनं घड्यांचा गठ्ठा उचलला आणि आत गेली. मी तिथेच बसून राहिलो. तिला सांगितलेल्या त्या चार वाक्यांत एकही खरं नव्हतं.

४

गुरुवारी मी हुशारी केली. मुद्दाम दुसऱ्या टोकाकडे पाठ करून बसलो, दोन हात सांधा बंद केला आणि मग एकदम वळून तिकडे गेलो. दीड हात झालेला होता. ओल्या गोंदावरून कड उचलून पाहिली. थापीचे दात गोंदावर रेघा ओढतात. माझ्या रेघा उजवीकडे कलतात. या डावीकडे कललेल्या होत्या. धाकटा डावखुरा होता.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मी मोठ्याने म्हणालो. माझाच आवाज भिंतींवरून परत आला. कड होती तशी ठेवून मी माझ्या टोकाला गेलो. गेलो म्हणजे काय, पाय घेऊन गेले.

मग मी पाहिलं. नवं गवत दाबलं की क्षणभर चेपतं आणि लगेच उभं राहतं, त्यासाठीच ते केलेलं असतं. दुसऱ्या टोकाला, सांध्याच्या शेजारी, गवतात दोन खळगे होते. गुडघ्यांएवढे, गुडघ्यांइतक्या अंतरावर. ते उठत नव्हते. बराच वेळ उठले नाहीत. मग उठले, आणि तेव्हाच वीतभर पुढे दुसरे दोन पडले.

पाचावर धारण बसणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. पण खरं सांगतो, भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. मी पळालो नाही. मान खाली घातली आणि गोंद ओढत राहिलो. तेही सरकत आले. शेवटी आमच्यात हातभर अंतर उरलं, तेव्हा मला श्वास ऐकू आला, तोंडाने घेतलेला, दमलेल्या माणसाचा. मी वर बघितलं नाही. बोटांनी माझी कड दाबत गेलो, पलीकडची कड आपोआप मिटत आली, आणि सांधा जुळला.

"चल, चहा घेऊ," मी म्हणालो. काम झालं की मी हेच म्हणायचो.

खळगे भरून आले. अंगणात मी एकटा होतो आणि रडत होतो.

दुपारी बाई जेवायला घरी आल्या. दारातूनच म्हणाल्या, "अहो, उन्हात कशाला जेवताय? दोघंही आत येऊन बसा ना."

"दोघं?"

"तुम्ही आणि ते तुमचे जोडीदार. सकाळी निघताना मी खिडकीतून विचारलं त्यांना, पाणी हवं का. मान वरही केली नाही. म्हणाले, दादा येतोच आहे." त्या जरा थांबल्या. "माझं काम तोंडाचं, म्हणून सांगते. त्यांचं बोलणं जड येत होतं, एका बाजूनं. ओठही तिकडे ओढल्यासारखा वाटला. साधं समजू नका हे. डोक्यातली रक्ताची गाठ असू शकते. आजच दवाखान्यात न्या त्यांना."

"नेतो," मी म्हणालो.

५

आता खरं काय झालं होतं ते सांगतो.

या गवताला लव असते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी एका बाजूने मऊ लागते, दुसऱ्या बाजूने हाताला टोचते. सगळ्या रोलांची लव एकाच दिशेला हवी. एखादा रोल उलटा पडला तर तेवढाच पट्टा वेगळ्या रंगाचा दिसतो, आणि मग तो उखडण्यावाचून इलाज नसतो. नवशिकेही ही चूक एकदाच करतात.

त्या दिवशी सकाळी मी सामान आणायला गेलो होतो. आलो तर धाकट्याने एक रोल उलटा टाकून निम्मा चिकटवलेला. मैदानाचे मालक समोर उभे. मी डोक्यात राख घालून घेतली. बावीस वर्षांत कधी बोललो नव्हतो ते चारचौघांत बोललो. तो काहीतरी सांगू लागला, पण शब्द तोंडातल्या तोंडात. मला वाटलं, पान खाल्लंय. म्हणालो, "आधी तोंडातलं थुंक आणि मग बोल." त्याच्या तोंडात काही नव्हतं.

"हे तूच उखडायचं," मी म्हणालो, "आणि तूच एकट्याने जोडायचं. मी हात लावणार नाही. मी चहा पिऊन येतो."

चहा प्यायला दहा मिनिटं लागतात. मी दीड तासाने आलो, चांगली अद्दल घडू दे म्हणून. मालकही केव्हाच निघून गेले होते. मैदानात कोणी नव्हतं. धाकटा सांध्याच्या मध्यावर कुशीवर पडला होता. एका टोकापासून तिथपर्यंतचं सगळं त्याने उखडलं होतं.

बाईंनी एका नजरेत, खिडकीतून, जे ओळखलं ते मला सख्खा भाऊ असून दिसलं नव्हतं.

६

शुक्रवारी एकच सांधा उरला होता. रात्रभर माझ्या डोक्यात तेवढंच होतं. हा जुळला की काम संपलं, आणि काम संपलं की तो कशाला येईल? मला त्याच्याशी बोलायचं होतं. माफी मागायची होती, आणि ती मागायला मला एक दिवस कमी पडत होता.

तेव्हा मी ठरवून केलं. चौथा रोल मी उलट्या लवेचा टाकला. उखडावा लागेल, पुन्हा जोडावा लागेल, शनिवारही मिळेल. एवढाच माझा विचार होता. माणूस लोभी झाला की त्याच्या नाकासमोरचंही त्याला दिसत नाही.

नऊच्या सुमारास खर्र आवाज सुरू झाला. मी या टोकाने, तो त्या टोकाने. "धाकट्या," मी म्हणालो, "ऐक." खळगे पुढे सरकले. दोन-तीन हात सांधा झाल्यावर मात्र ते थांबले.

चौथ्या रोलावर एक पट्टा उमटला. कोणी तळहात फिरवला की लव लवते आणि तिथला रंग बदलतो. हात एकदा अलीकडे फिरला, एकदा पलीकडे. मग पुन्हा अलीकडे. मी आयुष्यभर त्याला असा हात फिरवताना पाहिलं होतं, आणि तरी त्या क्षणापर्यंत मला कळलं नाही मी काय करून बसलो होतो ते. त्याला कळलं होतं, रोल उलटा आहे. आणि उलटा रोल टाकला म्हणजे तो आपणच टाकला, असंच त्याला वाटणार.

खळगे मागे सरकू लागले. घाईघाईने, भिंतीकडच्या माझ्या टोकापासून दूर, स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत. मग तिकडची कड उचलली गेली आणि फाटल्यासारखा आवाज झाला. गोंद पट्टीपासून सुटताना होतो तो.

"राहू दे," मी म्हणालो. "माझी चूक आहे. मी टाकलाय तो."

आवाज थांबला नाही. कड हातहातभर वर उठत, थरथरत माझ्याकडे येत होती. मधे धाप ऐकू येत होती. एक श्वास, एक हिसका. त्याचा एक हात चालत नसणार, कारण कड एकाच बाजूने वर येत होती. ऊन मी म्हणत होतं. मला तिथे जायचं होतं, सोळा पावलांवर, आणि त्याचा हात धरायचा होता.

मी पळालो. बाजूच्या भिंतीतल्या फाटकातून थेट गाडीत जाऊन बसलो, काचा वर घेतल्या आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. समोरच्या घड्याळात मी मिनिटं पाहत होतो. वीस मिनिटं झाली तेव्हा हात काढले. आवाज थांबला होता.

७

परत गेलो तेव्हा सांध्याच्या मध्यावर, उखडलेल्या कडेशी, गवत चेपलेलं होतं. आता ते दोन खळगे नव्हते. गुडघे पोटाशी घेतलेले, एक खांदा, आणि त्याच्या वर डोक्याएवढी गोल जागा. कुशीवर माणूस पडतो तसं.

मी धावलो. त्या गोल जागेपाशी पोचेपर्यंत पायांकडचं गवत उभं राहिलं होतं. मग कमरेचं. मी दोन्ही हातांनी ते दाबून धरलं, उठू नको म्हणून. माझ्या बोटांमधून ते उठलं.

दुसऱ्यांदा उशीर झाला होता. आणि या वेळी तर मी जाणूनबुजून उलटा रोल टाकला होता.

८

घरी गेलो तो कपडेही न बदलता धाकटीच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. चहा, दीड तास, थुंक म्हणालो ते, मांडीवर न घेतलेलं डोकं. मग बुधवारपासूनचंही सांगितलं. मला वाटलं होतं, ती मला वेडा म्हणेल नाहीतर दार लावून घेईल. मधे एकदाच तिनं विचारलं, "पाणी हवं का म्हटल्यावर काय म्हणाला?"

"दादा येतोच आहे, म्हणाला."

तिनं भिंतीला डोकं टेकलं. मग म्हणाली, "उद्या मला तिथे न्या."

शनिवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी जोडीदार कसा आहे विचारलं. मी गेला म्हटलं. धाकटी स्वयंपाकघराच्या पायरीवर, त्याच्या टोकाला बसली. मी चौथा रोल फिरवून सरळ टाकला, पट्टी बदलली आणि भिंतीपासून सुरुवात केली. हातभर गोंद, हातभर सांधा. ती समोरच्या गवताकडे डोळे लावून बसली होती, पापणीही लववत नव्हती. एक पातं हललं की पुढे वाकायची. ते वाऱ्याने हललेलं असायचं.

दुपार झाली. दुसऱ्या टोकाने काही आलं नाही. माझ्यासाठी तो तीन दिवस आला होता. तिच्यासाठी उरला नव्हता, मी उरू दिला नव्हता. अर्धा सांधा झाल्यावर मी थांबून वाट पाहिली, तेव्हा ती म्हणाली, "करा पुरं. त्यानंही एकट्यानंच केलं असतं." उरलेला अर्धा मी तिच्या पायांपर्यंत बंद करत गेलो.

ऊन उतरल्यावर रेती पसरली, झाडणीने लव उभी केली. मुलगी रॅकेट घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. बाईंनी तिला खांद्याला धरून आत नेलं.

धाकटी उठून गवतावर आली, अनवाणी.

"कुठे पडला होता तो, दादा? नेमकी जागा दाखवा."

मी दाखवायला पुढे झालो. मध्याच्या आसपास, एवढं ठाऊक होतं. सांधा शोधू लागलो, पण तो दिसेना. वाकलो, गुडघ्यांवर बसलो, बोटांनी चाचपून पाहिलं. बावीस वर्षांत मी इतका चांगला सांधा जोडला नव्हता. या भिंतीपासून त्या पायरीपर्यंत सगळं एकसारखं हिरवं होतं.

"इथेच कुठेतरी," मी म्हणालो.

ती खाली बसली आणि जिथे हात पोचला तिथे तळहात टेकून राहिली. ती जागा बरोबर आहे की नाही, हे मला सांगता आलं नाही.